मुतखडा झालाय म्हणून सांगितलं

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. मला जावई नाही. पण वेल्ह्यात ज्यांच्याकडे आमचं सगळं घर औषधाला जातं, ते डॉक्टर माझ्या बायकोचे मावसभाऊ लागतात. दर दिवाळीला माझ्या शेजारी बसून चकल्या खाणारा माणूस. त्यांच्यापुढं पँट सोडणं मला या जन्मात जमणार नव्हतं. म्हणून वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी वेल्हे टाळलं, नसरापूरला एसटी बदलली आणि थेट भोरला जाऊन एका परक्या, म्हाताऱ्या सर्जनसमोर उभा राहिलो.

दुखणं काय होतं ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मला तीन वर्षांपासून साखर आहे. साखरेच्या माणसाने पायाची कातडी जपावी, चिरा पडू देऊ नयेत, हे मला दहा जणांनी सांगितलं होतं. माणसाला कातडी पायाखेरीज इतर ठिकाणीही असते, हे एकानेही सांगितलं नाही. पुढची कातडी हळूहळू आवळत गेली. आधी खाज, मग चिरा, मग ती मागं सरकेचना. लघवीला जायचं म्हणजे आधी दोन मिनिटं मनाची तयारी करावी लागायची, आणि आत गेल्यावर तोंडातून जे शब्द बाहेर पडायचे ते सरकारी कारकुनाला शोभणारे नव्हते.

हे मी दीड वर्ष अंगावर काढलं. बायकोला सांगायलासुद्धा सहा महिने लागले, आणि सांगितलं तेही दिवा मालवून. ती म्हणाली, दवाखान्यात जा. मी म्हणालो, बघू. हे बघू वर्षभर चाललं. शेवटी एके दिवशी तिने माझा डबा भरला, हातात एसटीच्या पासाची पिशवी दिली आणि आज तुम्ही कामावर जाणार नाही आहात, भोरला जाणार आहात, असं सांगून दार लावून घेतलं.

भोरचे डॉक्टर सत्तरीच्या आसपासचे, शांत. त्यांनी बघितलं आणि एकच विचारलं, लघवी सुटायच्या आधी तिथं फुगा धरतो का. धरत होता. मला वाटत होतं की जगात हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला दोन तरी येतात तुमच्यासारखे, सगळे लांबच्या गावचे. का लांबचे, ते मला विचारावं लागलं नाही.

त्यांनी आधी मलम दिलं. दीड महिना मी ते इमाने इतबारे लावलं, थोडं सैलही पडलं, आणि मग कार्तिकात दोन लग्नांची जेवणं झाली, साखर वर गेली, आणि पुन्हा होतं तिथं. मग डॉक्टर म्हणाले, आता कातडी काढलेली बरी. म्हणजे सुंताच, पण औषधाला म्हणून. मात्र आधी साखर आवरा, नाहीतर जखम भरायची नाही. आणि फार लांबवू नका, आवळलेल्या कातडीखाली सारखी जळजळ राहिली की पुढं वयात त्यातून नको ते आजार होतात. हे सगळं त्यांनी भाताच्या बेण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी मात्र घामाने भिजलो होतो.

दुखेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटेल. त्या मुंगीबद्दल मी पुढं बोलणार आहे.

घरी येऊन मी बिनतांदळाचं जेवायला लागलो. आमच्या पासलीसारख्या भाताच्या गावात राहून, कणगीत नवा इंद्रायणी असताना, माणूस नाचणीची भाकरी आणि पाला खातो म्हटल्यावर गावात चर्चा होणारच. मी साखर म्हणून सांगितलं, तेवढं खरंच होतं. खरी काळजी वेगळी होती. आमच्या गावात एकदा नाव पडलं की ते सरणापर्यंत सोबत येतं. एकाला लहानपणी कोंबडा चावला होता, तो आज साठीचा आहे, नातवंडंवाला आहे, आणि अजून त्याला सगळे कोंबडाच म्हणतात. माझं हे कळलं असतं तर मला काय म्हणाले असते, ते मी इथं लिहीत नाही. काहीही होवो, गावाला कळता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

माझा एक मित्र भोरला टेम्पो चालवतो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो मुसलमान, म्हणजे या विषयातला माहीतगार माणूस, म्हणून मी त्याला एका चहाच्या टपरीमागे गाठलं आणि आडून आडून विचारलं की, दुखतं का रे. त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो इतका हसला की चहा त्याच्या नाकात गेला. मग म्हणाला, “मला काय आठवतंय? मी एवढासा व्हतो. आमच्यात त्या दिवशी पावणे बोलवून जेवाण घालतात आणि तू हितं टपरीमागं लपतोस.”

तरी त्याने दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. लुंगी नेस, आणि चालताना ती पुढून चिमटीत धरून अंगापासून लांब ठेव. कुठून कळलं म्हणून विचारलं, तर त्याच्या चुलतभावाने मोठेपणी करून घेतलं होतं. दुसरं म्हणजे, येताना एसटीने येऊ नकोस, मी टेम्पोत पुढं बसवून सोडतो. त्याने आपली एक निळी चौकड्याची लुंगी मला देऊनही टाकली.

जानेवारीत साखर जमिनीवर आली आणि मी टेबलावर चढलो. त्या मुंगीबद्दल. ती मुंगी कुठल्या गावची होती ते मला माहीत नाही, पण ती पाळीव नव्हती. मी टेबलाची कड अशी धरली की नर्सबाई म्हणाल्या, काका, पत्रा वाकेल. पण ते एवढंच. दहा मिनिटांत कमरेखालचा तेवढा भाग दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा झाला. नुसतं ओढल्याचं, दाबल्याचं कळायचं. डॉक्टर काम करता करता माझ्याशी तांदळाविषयी बोलत होते. जुना तांदूळ चांगला की नवा, कुकरला कुठला लागतो, वेल्ह्याकडं उकडीच्या भाकरीला कुठलं पीठ वापरतात. मीही उत्तरं देत होतो. मधेच मला असं भरून हसू आलं की डॉक्टरांना हात वर घ्यावा लागला. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पाय फाकवून उताणा, आणि पेजेला आंबेमोहोर बरा की कोळपी यावर मत देतोय. ते म्हणाले, हसा, पण आत्ता नको.

टाके आपोआप विरघळणारे. घरी जायला त्याच दिवशी सोडलं. नर्सबाईंनी सूचना दिल्या: पट्टी चिकटली तर ओढायची नाही, कोमट पाण्याने भिजवायची, मलम भरपूर लावायचं, पाच-सहा दिवस जळजळ होईल, दीड महिना बायकोपासून लांब. आणि शेवटी, इकडंतिकडं बघत, पहाटे झोपेत शरीर आपल्याला न विचारता जागं होतं, तेव्हा टाके ताणतील, उठून लघवी करून यायचं आणि थंड पाण्याचा शिपका मारायचा. मी मान हलवली. पुढच्या पहाटे मला त्यांच्या बोलण्याचा नेमका अर्थ कळला. त्या थंडीत मी अंगणात थंड पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो आणि स्वतःच्याच शरीराला शिव्या घालत होतो.

आता गावाला काय सांगायचं. निघायच्या आधी बायको म्हणाली होती, पाय मुरगळला म्हणून सांगा. मी म्हणालो, वेडी की काय, पाय सुजलेला नको का. हर्निया सांगायचा तर चौघे टाके बघायला मागणार. यावर मी टेम्पोत, कामथडीपासून पुढं सगळ्या रस्त्याने विचार केला आणि घरी पोचेपर्यंत माझी मीच पाठ थोपटली. मुतखडा. मुतखड्याला वरून काही दिसत नाही. माणूस वाकडा चालला, लघवीला ओरडला, दोन दिवस पडून राहिला, सगळं जुळतं. पुरावा लागत नाही. बायको म्हणाली, तुमचं तुम्ही बघा, पण मला काही लक्षण ठीक दिसत नाही. मी तिचं ऐकलं नाही, कारण मी शिकलेला माणूस.

ज्या शिकलेल्या माणसाला जानेवारीत आपल्या गावात काय असतं हे लक्षात राहत नाही, त्याच्या शिक्षणाला आग लावावी. जानेवारीत सुगी आवरलेली असते. भात झोडून घरात आलेला असतो, लोक मोकळे असतात. आणि घरोघरी नुकताच निघालेला हुलगा असतो. मुतखड्याला आमच्याकडे एकच औषध, हुलग्याचं कढण. शिजवायचं, पाणी गाळायचं, मीठ-लसूण घालून गरम गरम प्यायचं, जितकं पोटात जाईल तितकं. लघवी लोंढ्याने सुटते आणि खडा वाहून जातो.

पहिली शेजारीण दुपारी आली. तांब्याभर कढण घेऊन. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही ही आमची रीत, आणि आणलेलं तिच्या देखत प्यायचं ही त्याहून मोठी रीत. मी प्यालो. तिच्यामागून दुसरी आली, तिनं पानफुटीची पानं वाटून आणली होती. संध्याकाळपर्यंत सात जण. सातही तांब्यांचं मी तोंडभरून कौतुक केलं. आणि प्रत्येक तांब्या तासाभराने मला परत भेटायला आला.

ताज्या टाक्यांवरून लघवी जाते तेव्हा काय होतं, ते मी नीट सांगायचा प्रयत्न केला असता, पण त्या वेळी माझे डोळे मिटलेले असायचे. लसूण आणि मीठ घालून कुणीतरी आतून भाजी परततंय असं वाटायचं. मी गोठ्यामागं भिंतीला कपाळ टेकवून उभा राहायचो आणि ओरडायचो. ओट्यावर बसलेली मंडळी तो ओरडा ऐकून समाधानाने माना हलवायची. “सुटतोय, सुटतोय,” म्हणायची. “आन् एक तांब्या दे गं त्याला.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हातारीने पत्र्याचा डबा आणून दिला. नुसतं भिंतीवर करू नको, यात कर, खडा पडला की टण्णदिशी वाजतो, मग जिवाला घोर राहत नाही. झालं. आता मी डबा घेऊन गोठ्यामागं जायचो आणि ओट्यावर सगळे गप्प बसून कान देऊन ऐकायचे. मी परत आलो की एकच प्रश्न, वाजला का. नाही म्हटलं की एक तांब्या. माझी बायको पदर तोंडात कोंबून चुलीपुढं बसलेली असायची आणि तिच्या पाठीकडं बघून मला कळायचं की ती हसतेय. मग मलाही हसू यायचं. आणि हसलं की टाके ओढायचे. तिसऱ्या दिवशी मी तिला अक्षरशः हात जोडले की माझ्यासमोर येऊ नकोस, मला तुझ्याकडं बघवत नाही. ती आणखीनच हसली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्या आठवड्याएवढं आम्ही एकमेकांना कधी हसवलं नव्हतं. माझ्यासारख्या चिडक्या माणसाच्या संसारात ही मोठीच गोष्ट होती.

एकदा मी अंगणातला खडा उचलून डब्यात टाकायचा विचार केला. टाकलाही. टण्ण वाजला. ओट्यावर आनंद झाला. पण खडा बघायला मागितला, तो हातोहात फिरला आणि एका शहाण्याने नखाने खरडून सांगितलं की ह्यो तर रस्त्याच्या कामातला मुरूम हाये, डब्यात आधीच आसंल. खरा खडा अजून आत आहे, असा निकाल लागला आणि कढणाचा मुक्काम वाढला.

आणि या सगळ्यांत मोठं पातेलं असायचं तात्यांचं.

तात्या म्हणजे माझे चुलते, वडिलांच्या पाठचे. वय त्रेसष्ट. भिंतीला भिंत लागून घर. मुतखड्यातले ते गावातले जाणकार, कारण त्यांना स्वतःला दोन वर्षं मुतखडा होता. दोन वर्षं ते हुलगा पीत होते आणि खडा काही पडत नव्हता. मी आजारी पडल्याचं कळल्यावर ते रोज सकाळी चरवीभर कढण आणि दोन पेले घेऊन यायचे. मला एकट्याला प्यायला लावणं त्यांना बरं वाटत नसे. एक पेला माझा, एक त्यांचा. आम्ही ओट्यावर उन्हात बसून समोरासमोर प्यायचो. मग थोड्या वेळाने दोघेही उठून गोठ्यामागं जायचो, मी या कोपऱ्याला, ते त्या कोपऱ्याला.

पाचव्या दिवशी माझं दुखणं जरा उतरलं होतं, म्हणून त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवले होते. तात्या पलीकडे भिंतीला कपाळ टेकवून उभे होते. अगदी माझ्यासारखे. धार अशी नव्हतीच, थेंब पडत होते. त्यांनी दात आवळले होते आणि लुगड्याच्या बोळ्यासारखं धोतर मुठीत धरलं होतं. आमच्या कार्यालयात एकाला खरा मुतखडा झाला होता, तो कंबर धरून गडाबडा लोळायचा. तात्यांचा हात दोन वर्षांत कधी कमरेवर गेलेला मी पाहिला नव्हता.

माझ्या तोंडून भोरच्या डॉक्टरांचा प्रश्न निघून गेला. “तात्या, लघवी सुटायच्या आधी तिथं फुगा धरतो का?”

त्यांनी आधी धोतर सावरलं. मग म्हणाले, “तुला कुणी सांगितलं?”

मी त्यांना सगळं सांगितलं. भोर, मलम, मुंगी, तांदूळ, टाके. ते ऐकत गेले आणि त्यांचे डोळे मोठे होत गेले. मग त्यांनी विचारलं, “मंग तू माझं कढान का पीत व्हतास?”

“तुमी एवढं घेऊन येता म्हणून. तुमी का पीत व्हता?”

“तू एकटा कसा पिशील म्हणून.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि आम्हाला हसू फुटलं. मी टाके धरून हसलो, ते धोतर धरून हसले. गोठ्यातल्या म्हशीने दावं ताणून मागं बघितलं. दोघांनीही एकच खोटं सांगितलं होतं आणि दोघेही एकमेकांचं खोटं खरं मानून चरवीभर हुलगा पोटात ढकलत होतो. तात्या आयुष्यात एवढे हसलेले मला आठवत नाहीत.

मग हसू ओसरलं आणि मी म्हणालो, उद्याच भोरला जाऊ. तात्या एकदम आवळले. नको म्हणाले. त्यांना साखर नव्हती, निदान कधी तपासली नव्हती. पण तिथं एक फोड होता, चार महिने झाले, भरत नव्हता, कधी कधी रक्त यायचं. हे ऐकून माझं हसू पार गेलं. मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, न भरणारी जखम असेल तर एक दिवसही थांबू नका, आणा. तात्यांनी मान हलवली. या वयात सुंता करून घेतली म्हणतील, पोराबाळांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, काकीला तर कळताच कामा नये. आणि शेवटी म्हणाले, “तू माझं बोललास, तर मी तुझं बोलीन.”

मला सांगायला लाज वाटते, पण त्यांच्या या धमकीने मी खरोखर गप्प बसलो. दोन दिवस. मला त्यांच्या फोडाची काळजी होती, पण माझ्या नावाची काळजी तिच्या वरचढ ठरली. मी स्वतःला सांगत होतो की म्हातारा माणूस आहे, हळूहळू समजावू. खरं तर मी कोंबड्याचा विचार करत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर माणसं बसली होती. शेजारची म्हातारी, तीन-चार बायका, मुरूम ओळखणारा शहाणा. काकी धावत आल्या. काकी म्हणजे तात्यांची बायको, कमी बोलणारी, कामाला वाघीण. म्हणाल्या, ह्यांना सकाळपासनं थेंब न्हाई सुटला, पोट फुगलंय, तुमच्याकडं पानफुटीची पानं हायेत का, आन् हुलगा शिजवून ठेवलाय, तो पाजते.

हुलगा पाजते हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. बाहेर पडायला वाट नाही आणि ही बाई आणखी पाणी भरणार. मी लुंगी चिमटीत धरून उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत, बायकांच्या देखत, म्हणालो, “काकी, त्यांना मुतखडा न्हाई. मला बी नव्हता. आमची दोघांची पुढची कातडी आवळली. माझी कापून आणली भोरला. त्यांची बी कापाय पायजे, आणि आत्ताच्या आत्ता न्यायला पायजे.”

म्हातारीने हातातला डबा खाली ठेवला. काकी माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “कधीपासनं?”

“दोन वर्सं झाली आसतील.”

“दोन वर्सं,” असं त्या म्हणाल्या आणि वळून घराकडं गेल्या.

मित्राने टेम्पो कसा काढला आणि कापूरहोळच्या वळणांवर तात्या कसे कळवळले, ते मी सांगत बसत नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी कातडीला चीर देऊन वाट मोकळी केली. तात्यांनी टेबलावरून एक सुस्कारा सोडला, तो मला बाहेर बाकावर ऐकू आला, आणि पाठोपाठ त्यांचा आवाज आला की डाक्टर, तुमच्या पाया पडायचंय पण आत्ता उठता येत न्हाई. दोन दिवसांनी पुरतं ऑपरेशन झालं. फोडाचा तुकडा तपासायला पुण्याला गेला. तो अहवाल येईपर्यंत आठ दिवस मी जेवलो नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण जेवण गोड लागलं नाही हे खरं. अहवाल आला. वाईट काही नव्हतं. साखर मात्र होती, माझ्यापेक्षा जास्त. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आणखी वर्षभर राहिला असता तर मी असं सांगू शकलो नसतो. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. मित्राने बिडी पुढं केली, मी ओढत नाही तरी दोन झुरके घेतले.

गावात माझं काय नाव पडलं, ते विचारू नका. पडलं. पण त्याचा जोर मला वाटला होता तेवढा टिकला नाही, कारण आमच्या मागोमाग मुरूम ओळखणारा शहाणा मला पाराजवळ गाठून, आवाज खाली आणून, डॉक्टरांचा पत्ता विचारून गेला.

तात्या घरी आले तशी भेटायला येणारी मंडळी पुन्हा सुरू झाली. मी शेजारी ओट्यावर बसलेला असायचो. तात्या आत पांघरूण तोंडावर ओढून पडलेले, आणि काकी दारात. कधी न बोलणारी ही बाई आलेल्या प्रत्येकाला उंबऱ्यातच अडवायची आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची: मुतखडा नव्हता, तिथली कातडी आवळली व्हती, दोन वर्सं आवळली व्हती, कापून काढली. एकाला सांगून झालं की दुसऱ्याला. हिर्डोशीहून त्यांच्या माहेरची माणसं दिवसभराची वाट तुडवून आली, त्यांनाही पाणी द्यायच्या आधी हेच. आतून तात्यांचा विव्हळल्यासारखा आवाज यायचा, तो टाक्यांमुळं नव्हता.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. मी त्यांना म्हणालो, काकी, जरा हळू सांगा, तात्यांना लाज वाटते.

त्या भेटायला आलेल्यांचे पेले विसळत होत्या. हात थांबला नाही.

“दोन वर्सं झाली ह्यांनी हातरूण ओटीवर न्हेलं,” त्या म्हणाल्या. “का, ते सांगितलं न्हाई. जावा-नणंदा बघत व्हत्या. म्या आरशात बघायचे. म्हनायचे, मलाच कायतरी झालं आसंल, माझीच घाण येत आसंल त्यांला. दोन वर्सं. आता ऐकू दे की गावाला. मला काय बी झाल्यालं न्हाई.”

आतलं विव्हळणं थांबलं होतं. दारात पुढची दोन माणसं येऊन उभी होती, आणि काकी पदराला हात पुसत त्यांना सांगायला उठल्या.